शेवटची ओळ

"शेवटची ओळ वाचा, घारबाई."

घारबाईंनी चिमट्यातली चकती डोळ्यासमोर धरली, पलीकडच्या भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं आणि झोकात म्हटलं, "न, ट, क, भ, ल. स्वच्छ आहे. पास!"

जवळचा चष्मा घालवायला बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात लेझरने खाच करून बसवायच्या या कृत्रिम चकत्या. यंत्रं त्यांचं सगळं मोजत, पण धूसरपणाचा शेवटचा निकाल घारबाईंचा. एकोणीस वर्षं. टोपणनावही त्या नजरेनेच मिळालेलं. मग वर्षभरापूर्वी तक्ता नजरेसमोर विरघळू लागला. बाईंनी ते कोणाला सांगितलं नाही. ओळ तोंडपाठ होती, तेवढ्यावर निभावलं. स्वतःच्याच डोळ्यांत धूळ फेकायला डोळे धड कशाला लागतात?

"तक्ता काल बदलला," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "जुना पिवळा पडला होता."

बाईंच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं.

"सवयीनं बोललात. परत बघा."

बाईंनी परत पाहिलं. करडा डाग, बस्स. "दिसत नाही."

"म्हणजे चकती धूसर आहे?"

वाट आयती मोकळी झाली होती. नुसतं 'हो' म्हटलं की अब्रू शाबूत. पण याच खोक्यातली एक चकती उद्या खाली दाखल झालेल्या एका शिंप्याच्या डोळ्यात जायची होती. सकाळी बाहेर भेटला तेव्हा तो म्हणाला होता, "तुम्ही बघितलंय ना, ताई? मग मला कसली भीती!" आणि बाईंनी निर्लज्जपणे सांगितलं होतं, "निर्धास्त राहा."

"चकती नाही," बाई म्हणाल्या. "माझेच डोळे. वर्षभर झालं. सगळी खोकी परत उघडावी लागतील."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे सरकवली. बाई बसल्या नाहीत. "शिंप्याला मीच सांगते," म्हणाल्या.

शिंपी खालच्या खोलीत खाटेवर बसला होता. सदऱ्याचं बटण तुटलेलं, हातात सुईदोरा. बाईंना पाहून त्याचा चेहरा उजळला.

"बरं झालं आलात, ताई! आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे शिवले, आता स्वतःचं बटण लावता येईना. तुमची नजर घारीची, एवढी सुई ओवून द्या."

'उद्या ऑपरेशन होणार नाही' हे वाक्य बाईंच्या ओठांवर होतं. ते तिथेच राहिलं आणि हाताने सुई घेतली.

दोरा नेढ्याच्या बाजूने गेला. बाईंनी त्याचं टोक ओलं केलं. दोरा पुन्हा बाजूनेच गेला.

तिसऱ्या वेळी शिंपी हसायचा थांबला.