शेऱ्याचा रकाना

माझ्या नाकावर राग असतो, हे मला माहीत आहे. त्यामुळे हिशेब खात्यातल्या नव्या बाईंनी बोलावलं, तेव्हा मी भांडायच्या तयारीनेच गेले. मी वजनकाटे दुरुस्त करते. दुकान, गोदाम, दवाखाना, जिथे काटा चुकतो तिथे स्वतःच्या गाडीने जाते आणि कंपनी किलोमीटरमागे भत्ता देते. महिनाअखेर नोंदवहीची पानं सही करून जमा करायची, की झालं. त्यात बोलवण्यासारखं काय होतं?

खरं सांगायचं तर, होतं. भत्ता घेणाऱ्याने कामाच्या फेरीत बाहेरचा माणूस गाडीत बसवायचा नाही, हा नियम मला तोंडपाठ होता. आणि माझ्या शेजारच्या सीटवर रोज बाबा असायचे.

बाबा एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त झाले. गेल्या वर्षी एकदा गॅसवर दूध ठेवून ते फिरायला निघून गेले. घरात आम्ही दोघंच, तेव्हा दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना बरोबर घ्यायला लागले. "तुम्ही नसलात तर मला रस्ता कोण सांगणार?" असं म्हटल्यावर स्वारी खूश. पण रस्त्यापेक्षा त्यांचा जीव जडला नोंदवहीवर. निघताना मीटरचं रीडिंग, पोचल्यावर रीडिंग, सगळं टपोऱ्या अक्षरात तेच लिहायचे. संध्याकाळी मी न वाचता खाली सही ठोकायची. बाबांचा आकडा तपासायचा म्हणजे त्यांचा अपमानच झाला असता.

"बसा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी एक पान पुढे सरकवलं. "हे शेरे कुणी लिहिलेत?"

पानावरचा शेवटचा रकाना शेऱ्याचा. आमच्या ऑफिसात तो कुणी भरत नाही. मी वाचायला लागले.

'माझी औषधं घ्यायला लेकीने गाडी वळवली. तीन किलोमीटर वजा.'

'सिग्नल लाल. लेक थांबली, पण कुरकुरली.'

'मला डुलकी लागली. हे रीडिंग लेकीने सांगितलं, मी पाहिलेलं नाही.'

बाई हसू दाबत होत्या. "मी जुन्या फायलीही काढल्या. अकरा महिने हेच चाललंय. एकदा तर रस्ता चुकलात म्हणून दोन किलोमीटर कापलेत तुमचे."

"बाबा तसेच आहेत," मी म्हणाले आणि जीभ चावली.

"म्हणजे ते गाडीत असतात."

"असतात."

घरून पाठ करून आणलेलं भांडण कुठे गेलं कोण जाणे. गॅसचं, दुधाचं, मी सगळं सांगून टाकलं. बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग त्यांनी फाईलखालून आणखी एक पान काढलं. "हेही वाचा. तुम्ही वाचलं नसणार, असं वाटलं मला."

गेल्या आठवड्यातलं पान होतं. आकडे नेहमीसारखे नेटके, खाली माझीच सही. शेरा असा होता:

'आज कुठे चाललो आहोत ते आठवेना. थोडा वेळ लेकीचं नावही आठवेना. मीटर वाचता आला. लेकीला सांगितलेलं नाही, ती गाडी चालवत असते.'

बाबांना आपलं विसरणं कळत नाही, अशी माझी समजूत होती. वर्षभर मी ते त्यांच्यापासून लपवत होते आणि ते माझ्यापासून. भर ऑफिसात मला रडू फुटलं. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"नियम माझ्या हातात नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या गाडीच्या विम्यात सोबतचा माणूस धरला असेल तर तो कागद आणा. मी साहेबांपुढे अर्ज ठेवते. ते हो म्हणतीलच असं नाही."

"नाही म्हणाले तर?"

"तर भत्ता तरी किंवा बाबा तरी."

"मग भत्ता राहू दे," मी म्हणाले. पेट्रोल पगारातून घालायचं म्हणजे महिनाभर ओढाताण होणार, हे दिसत होतं. पण यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

खाली बाबा वही मांडीवर घेऊन गाडीत बसले होते, वॉचमनशी गप्पा मारत.

"उशीर केलास. रीडिंग सांग."

मी सांगितलं. त्यांनी मान वाकवून मीटरशी ताडून पाहिलं, मगच लिहिलं. मी त्यांच्या हातून वही घेतली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'लेकीला कळलं. यापुढे आठवेनासं झालं की लगेच सांगायचं. गाडी बाजूला घेता येते.'

बाबांनी ते दोनदा वाचलं. मग माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

"शेरा मी लिहायचा असतो," ते म्हणाले.

माझ्या ओळीखाली त्यांनी टपोऱ्या अक्षरात 'मान्य' लिहिलं आणि वही माझ्यापुढे धरली.

"आता सही कर. वाचून कर."

मी वाचलं आणि सही केली.