सड्यावर राखलेला झुबका

पक्षी बघणाऱ्याला धीर लागतो म्हणतात. मी अकरा वर्षं तो नसतानाच पक्षी बघतेय.

त्या आठवड्यात तर मी बँकेच्या काउंटरवर तीन जणांवर खेकसले. बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता. ओळखीतले शेतकरी लवूकाका यांच्या गावच्या सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, पावसाचं पाणी साचून झालेल्या पाणथळीच्या काठाला, रंगीत पाणलाव्याचं घरटं होतं. त्यात चार अंडी. या पक्ष्यांत मादी अंडी घालून चालती होते आणि नर ती उबवत बसतो. पिलं कुठल्याही दिवशी बाहेर येतील आणि लगेच घरटं सोडून चालू लागतील असा माझा हिशेब होता, आणि मला रविवारशिवाय सुट्टी नव्हती. जेवण जात नव्हतं, झोप उडाली होती.

त्यात गुरुवारी गवताची कापणी. सड्यावरचं गवत गावकी ठरवेल त्याच दिवशी सगळी घरं एकदम कापतात, आणि घरटं नेमकं लवूकाकांच्या वाट्याच्या गवतात होतं. म्हणून आदल्या रविवारीच मी त्यांना गाठलं होतं.

"काका, तेवढ्या गवताला विळा लावू नका."

"नाय लावणार. पन एकच झुबका कशाला? हिकडं-तिकडं चार-पाच राखतो की."

"नको नको, एकच! मला रस्त्यावरून दुर्बिणीतून ओळखता यायला हवा."

एवढ्या ठामपणे सांगितल्यावर त्यांनी ते मानलं. पक्ष्यांमधलं मला जास्त कळतं, असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो.

रविवारी सातच्या आत पोचले. गाडीतून उतरले. अख्खा सडा न्हाव्यानं भादरल्यासारखा साफ झाला होता आणि मधोमध तो एकच झुबका उभा होता. दुर्बिणीची गरजच नव्हती. मला दिसत होता, तसाच तो आभाळातून फिरणाऱ्या प्रत्येकाला दिसत असणार. हे मला आधी कसं सुचलं नाही? स्वतःचीच इतकी चीड आली की गाडीचं दार मी धाडकन आपटलं.

लवूकाका माझी वाटच बघत होते. चेहरा नुसता फुललेला.

"गेली मॅडम, पिलं निघून गेली! टरफलं पडलीत बगा. भावकीशी भांडलो, पन विळा लावू दिला नाय."

मी वाकून बघितलं. पिलू बाहेर आलं की टरफल आतून स्वच्छ असतं. इथे चुरा झाला होता, त्याला पिवळा बलक वाळून चिकटला होता आणि त्यावर मुंग्या लागल्या होत्या. पाण्याच्या कडेला तो नर येरझाऱ्या घालत होता. दोन पावलं घरट्याकडे यायचा, थांबायचा, मागे फिरायचा. मला त्याच्याकडे बघवेना.

"होय ना, मॅडम?"

मी मान हलवली. त्यांचा आनंद घालवायचं धाडस झालं नाही. लवकर निघावं, घरी जावं, एवढंच डोक्यात होतं.

"आता गावकीतच सांगतो," ते म्हणाले. "पुढल्या सालापासून ज्याच्या गवतात घरटं, त्यानं आसाच एक झुबका राखायचा. मदोमद."

आता मात्र गप्प बसता येईना.

"काका, पिलं नाही झाली. अंडी खाल्ली कुणीतरी. कावळ्यांनी असतील. एकटाच झुबका उभा, त्यांना लगेच सापडला. तुम्ही चार-पाच म्हणत होतात, तेच बरोबर होतं."

त्यांनी टरफलाचा एक तुकडा उचलला, मुंग्या झटकल्या आणि तो उलटा करून आतून बघितला. त्यांनी मला चार शब्द सुनवावेत असं मला फार वाटत होतं. त्यांचा आवाज मात्र साधाच होता.

"मग तुमी नको कशाला म्हनालात?"

"मला बघायचं होतं," मी म्हटलं.