भोगोस

आठ दिवस वत्सलाच्या हाताला म्हणून यश नव्हतं. माशांच्या हुमणात मीठ दोनदा पडत होतं. घागर घेऊन विहिरीवर जावं, तर दोर घरीच राहिलेला. सुई घेऊन बसावं, तर दोरा सुईचं नाक सोडून सगळीकडे जायचा. दोन वर्षांच्या गौरवीला खाली ठेवलं की तिला वाटे, पोरीचं अंग कोमट लागलं. उचललं की वाटे, नाही, आपलेच हात गरम आहेत. पुन्हा खाली ठेवायची, पुन्हा उचलायची.

"बस गो खंय तरी एकदा!" सासू चंद्रावती माच्यावरून म्हणाली. "मांजर पिलां घेऊन फिरता, तशी फिरतस."

वत्सला बसली नाही. तिने कोनाड्यातला सोललेला नारळ उचलला आणि म्हणाली, "आई, राखणदाराला नारळ ठेवायचाय. गाऱ्हाणं तुम्ही घालाल?"

"आज? आज वार कसला?"

"वार नाही. असंच."

"असोच नारळ कोण ठेवता?" चंद्रावतीने सुनेच्या तोंडाकडे बारीक नजरेने बघितलं. पण ती उठली, पायांत वहाणा सरकवल्या आणि सून पुढे, सासू मागे, मध्ये पोरीची बडबड, अशा तिघी पाणंदीने निघाल्या.

वाटेत नाताळीनबायचं घर लागलं. वत्सलाने मान वळवली नाही, तरी तिला दिसायचं ते दिसलंच. खिडक्या आतून लावलेल्या. पायरीवर काळी ट्रंक. आणि रस्त्याकडच्या चुन्याच्या भिंतीवर डांबराची हातभर उंच अक्षरं. नाताळीनबाय आज साडेचारच्या बसने जाणार होती, वास्कोला, लेकीकडे. परत येईल की नाही, हे वाड्यावर कुणालाच ठाऊक नव्हतं.

वत्सला आजऱ्याकडची. लग्न होऊन गोव्यात, मांद्र्याला आली तेव्हा तिला इथलं अर्धं बोलणं समजत नसे, आणि जे समजे त्याचं तिला हसू येई. नवरा गुरुदास म्हापशाला कचेरीत कारकून, सकाळी जायचा तो संध्याकाळी सहाला यायचा. त्या लांबलचक दिवसांत तिला माणूस मिळालं ते नाताळीनबायचं. साठीची, नवरा जहाजावर असतानाच गेलेला, शिवणाच्या मशीनवर पोट. वत्सलाची टीप वाकडी जायची, पण काज असं करायची की बघत राहावं. म्हणून शिवण नाताळीनबायची आणि काजं-बटणं वत्सलाची, असं ठरून गेलं होतं. नाताळीनबायच्या पेन्शनच्या चिठ्ठ्या गुरुदास लिहून द्यायचा.

आयतारी नाताळीनबाय इगर्जेत जायची आणि सोमवारी, मशीनचं चाक फिरवता फिरवता, पाद्रीने काय सांगितलं ते वत्सलाला सांगायची. वत्सला त्याला सोमवारची पुडी म्हणे. "आज पुडीत काय आहे, नाताळीनबाय?"

एकदा पुडीत निघालं, की दिवस बुडायच्या आत राग सोडायचा, तो दुसऱ्या दिवसावर न्यायचा नाही. वत्सलाने विचारलं, "आणि पावसाळ्यात सूर्य दिसतच नाही तेव्हा?" नाताळीनबाय इतकी हसली की टीप वाकडी गेली. पण वत्सलाने ते धरून ठेवलं. गुरुदास सहाला यायचा, थंडीत सव्वासहाला दर्यात सूर्य बुडायचा. म्हणजे भांडण सुरू करून संपवायला पाव तास. त्या पाव तासाने तिचा संसार पुष्कळ सोपा केला होता. तापट होती ती. माहेरी तिचा अबोला महिना महिना चालायचा. इथे ती दारात उभी राहून आभाळाकडे बघायची आणि आपण होऊन म्हणायची, "चहा घेताय ना?"

दुसऱ्या एका सोमवारी निघालं, की देवापुढे काही ठेवायला गेलास आणि तिथे आठवलं की कुणाचं तरी आपल्याविरुद्ध गाऱ्हाणं आहे, तर आणलेलं तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी गोड कर, मग येऊन देवाला दे.

"तोवर नैवेद्य गार होईल की," वत्सला म्हणाली होती.

"जांव दी. देवाक गार जेवण चलता गो. मनीस गार जाल्यार चलना."

मग ते राजभाषेचं पेटलं. गोव्याचं राज्य होणार म्हणत होते, आणि त्याआधी कोकणी की मराठी, हे ठरायचं होतं. मोर्चे, सभा, बंद. गुरुदास मराठीच्या सभांना जाऊ लागला. कोकणीच्या बाजूच्या कुणी रस्त्यात झाडं आडवी पाडली, त्या दिवशी गौरवी तापाने फणफणलेली होती आणि पेडण्याच्या डॉक्टरकडे जायला वाट नव्हती. त्यानंतर दोन दिवसांनी नाताळीनबायच्या भिंतीवर डांबर उमटलं. ती तडक वत्सलाच्या अंगणात आली आणि चार माणसांसमोर ओरडली, "तुझ्या घोवान म्हजी वणत काळी केली!"

वत्सलाचाही तोल गेला. "माझ्या नवऱ्याचं नाव घ्यायचं काम नाही! तुमच्या लोकांनी रस्ता अडवला, माझी पोर मरता मरता वाचली, ते आधी बोला!"

तुमचे लोक. असं ती त्याआधी कधी बोलली नव्हती. त्या दिवशी सूर्य बुडाला आणि वत्सला दारात गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाताळीनबाय पुन्हा आली. हातात कागदात गुंडाळलेला फ्रॉक, गौरवीसाठी शिवलेला, पिवळा. डोळे सुजलेले. तिने तापातून उठलेल्या गौरवीच्या डोक्यावर हात ठेवला आणि वत्सलाकडे बघून, इगर्जेत बोलतात तसल्या जड, सावकाश आवाजात म्हणाली, "भोगोस गो बाये. भोगोस."

वत्सलाने त्यातून एकच घेतलं. भोगशील! पोरीच्या डोक्यावर हात ठेवून! तिने गौरवीला खेचून घेतलं, फ्रॉक कागदासकट नाताळीनबायच्या अंगावर टाकला आणि म्हणाली, "तुमच्या हातचं माझ्या पोरीच्या अंगाला नको. चालत्या व्हा."

हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला सांगावं, तर तो लगेच सभेत सांगेल. सासूला सांगावं, तर वाड्यावर डंका. शिवाय आणखी एक गोष्ट होती, जी ती स्वतःलाही सांगत नव्हती. त्याच दुपारी धुणं धुताना गुरुदासच्या लेंग्याच्या पायाला डांबराचे तीन ठिपके निघाले होते. तिने ते रॉकेलने घासून काढले आणि गप्प राहिली. पण नाताळीनबायचा शब्द कानात होता आणि ठिपके डोळ्यांसमोर, आणि त्या दोघांच्या मध्ये तिला कुठे टेकायला जागाच नव्हती.

राखणदार देवाची घुमटी सातविणीच्या झाडाखाली होती. चंद्रावतीने पाला बाजूला केला, पदर डोक्यावर घेतला. "सांग. काय गाऱ्हाणं घालू?"

"पोरीला कुणाचा शाप लागू नये, असं घाला."

चंद्रावतीचे हात तिथेच थांबले. "शाप? कोणाचो?"

मग सगळं बाहेर आलं. ठिपक्यांचं सोडून सगळं. चंद्रावती ऐकत होती आणि तिच्या तोंडावरचं भय हळूहळू भलतंच काही होत चाललं होतं.

"काय म्हणाली ती? परत सांग."

"भोगोस. दोनदा म्हणाली. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून."

"अगो येडे!" चंद्रावती मटकन दगडावर बसली. "भोगोस म्हणजे भोगशील नाय गो! भोगोस म्हणजे माफ कर! किरिस्तांव लोक देवाकडे तसाच मागतत. ती तुझी माफी मागी होती!"

कावळा ओरडला, गौरवी पाल्यात हात घालून काही तरी तोंडात घालू बघत होती, आणि वत्सलाच्या डोक्यात तो जड, सावकाश आवाज पहिल्यापासून पुन्हा सुरू झाला. सुजलेले डोळे. कागद. पिवळा फ्रॉक. जिची भिंत काळी झाली, तीच माफी मागायला आली होती. आणि आपण?

दूर रस्त्यावर बसचा भोंगा वाजला.

तिने नारळ घुमटीपुढे ठेवला. "आई, पोरीला धरा. आणि इथेच बसा. मी आधी जाऊन येते."

"आणि नारळ?"

"आल्यावर वाढवू."

"देवाक थांबवून?"

"हो," वत्सला पळता पळता म्हणाली, "त्याला चालतं!"

बस गेली होती. पायरीवर ट्रंक नव्हती, दाराला कुलूप होतं. तिठ्यावर पायलट सगुण आपल्या भाड्याच्या मोटरसायकलवर बसून शेंगदाणे खात होता.

"खंय गो वयनी? घर पेटला?"

"चोपड्याला. फेरीबोटीवर. बसच्या आधी!"

"बसच्या आधी पोचूक मोटरसायकल नाय, विमान होया," तो म्हणाला. पण किक मारली होती. आजऱ्याची वत्सला आयुष्यात पहिल्यांदा मोटरसायकलवर बसली, आणि पदर कुठे, हात कुठे याचं भान न ठेवता सगळी वाट मनात एकच घोळवत राहिली. काय म्हणायचं? मला समजलं नाही, असं म्हणायचं? ते खरं होतं, पण अर्धंच. अर्धं खरं घेऊन माफी मागायला जाता येतं का? ठिपक्यांचं सांगितलं तर नवरा उघडा पडतो. नाही सांगितलं तर ही धावपळ कशासाठी?

चोपड्याच्या धक्क्यावर फेरी लागलेली होती. माणसं चढत होती. नाताळीनबाय ट्रंकेवर बसली होती, मांडीवर पिशवी, तोंड पाण्याकडे.

वत्सला फळीवरून धडधडत आत शिरली आणि तिच्यासमोर उभी राहिली. धाप लागलेली. ठरवलेलं एकही वाक्य तोंडात येईना.

"भोगोस," ती म्हणाली. "नाताळीनबाय, भोगोस."

नाताळीनबायने वर बघितलं. "कोणें शिकयलें तुका?"

"सासूबाईंनी. आत्ता. मला वाटलं होतं, तुम्ही म्हणालात, भोगशील."

"जेझू!" नाताळीनबायने कपाळाला हात लावला. "म्हूण फ्रॉक उडयलो? आनी हांव आठ दीस चिंतां, माफी मागल्यार हे बायलेक इतलो राग कित्याक!" ती हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

फेरीवाल्याने साखळी हातात घेतली. "उतरपी उतरा!"

आता नाही तर कधीच नाही. "अजून एक आहे," वत्सला घाईने म्हणाली. "ती भिंत... आमच्या घरातलंच डांबर होतं. मला नंतर कळलं. मी लपवलं."

"म्हाका खबर."

"कशी?"

"तुझो घोव म्हज्यो पेन्सांवाच्यो चिठ्यो बरयता. ओळ सोंपली की तिका शेपडी काडटा, कोंब्याची कशी. वणतीरूय काडल्या." नाताळीनबायने नाक पुसलं. "म्हाका तें वाचूंक येना गो. शेपडी मात वळखता. बरयलां कितें?"

वत्सलाची मान खाली गेली. "इथे फक्त मराठी."

"आं! आनी हांवें चिंतलें, म्हाका गाळी दिल्यात."

"तुम्हाला माहीत होतं, तरी तुम्ही माफी मागितलीत?"

"तुज्या घोवाची न्हय. तुजी. चार मनशां मुखार तुज्या आंगणांत हांवें आरडून बोवाळ केलो. चुकलें तें म्हजें." तिने पिशवीत हात घातला आणि तोच कागद बाहेर काढला. "घे. आनी काजां कर. हांवें करूंक नात. तीं तुजीं."

वत्सलाने कागद उघडला. पिवळ्या फ्रॉकच्या पाठीवर तीन बटणं टाकलेली होती आणि त्यांच्यासमोरचं कापड कोरं होतं. त्या दिवशी तिने ते बघितलंच नव्हतं.

"परत याल ना?"

"गुडघे म्हणतले तशें." मग फेरी हलायला लागली आणि साखळीवाला ओरडला, "बाये, उतर! ना जाल्यार वच पलतडी शिवोलें!" वत्सलाने फळीवरून उडी मारली, सगुणने तिचा हात धरून ओढला. वळून बघेपर्यंत मध्ये पाणी आलं होतं. नाताळीनबायने हात केला नाही. ती बोटाने सुई-दोरा दाखवत होती. काजां कर.

घुमटीशी पोचली तेव्हा सूर्य माडांच्या शेंड्यांवर आला होता. गौरवी आजीच्या मांडीवर झोपली होती आणि चंद्रावती हातात झावळी घेऊन नारळाची राखण करत बसली होती.

"कावळे देवापेक्षा उतावळे," ती पुटपुटली. "गाठ पडली?"

"पडली."

"मग वाढव नारळ. काय गाऱ्हाणं घालू ता तरी सांग आता."

वत्सलाने नारळ उचलला. आत पाणी हललं. तिने तो पुन्हा आहे तिथे ठेवला.

"अजून नाही, आई. अजून एकाशी मिटायचंय."

चंद्रावतीने झावळी पुन्हा नारळावर धरली. रॉकेलचा वास त्या दिवशी तिच्याही नाकात गेला असणार.

घरी येऊन वत्सलाने चुन्याचं डबडं आणि कुंचला काढला. डांबरावर चुना एका हाताने बसत नाही, दोनदा, तीनदा फिरवावा लागतो, हे तिला ठाऊक होतं. ती नाताळीनबायच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. तो काय म्हणेल? ओरडेल. बायकोने नवऱ्याला रस्त्यावर उभं केलं, म्हणेल. म्हणू दे. अजून पाव तास होता.

सहाची बस तिठ्यावर थांबली. गुरुदास उतरला, काखेत छत्री, हातात वर्तमानपत्र. भिंतीपाशी बायको बघून त्याची पावलं आधी भरभर झाली, मग हळू.

"काय गो? पोर बरी आहे ना?"

"बरी आहे," वत्सला म्हणाली, आणि कुंचला त्याच्यापुढे धरला. "शेपटीपासून सुरू करा. तिनं तुम्हाला शेपटीवरून ओळखलं."

गुरुदास भिंतीकडे बघत राहिला, मग दर्याकडे, मग पुन्हा कुंचल्याकडे. वर्तमानपत्र कुठे ठेवावं ते त्याला कळेना. वत्सलाने ते आपल्या हातात घेतलं.