चार बोटांचं अंतर

शनिवारी सकाळी अगानेथाने नेहमीसारखे दुमजली पाव करायला घेतले. खाली कणकेचा मोठा गोळा, त्यावर लहान गोळा, आणि वरच्याच्या मधोमध अंगठा इतका खोल दाबायचा की तो खालच्यात रुतावा. दाब कमी पडला तर भट्टीत वरचा पाव कलंडतो. सोळा नंबरच्या वस्तीत त्या वेळी घरोघरी हेच चाललेलं होतं, कारण रविवारी प्रार्थनेनंतर कुणी ना कुणी फराळाला यायचंच.

बाहेर अंगणात, गुरांच्या रिकाम्या हौदापाशी मुलं खेळत होती. अगानेथाची नात लेना सहा वर्षांची होती, आणि तिचा आवाज मेक्सिकोतल्या चिहुआहुआच्या त्या कोरड्या हवेत दूरवर ऐकू जायचा.

"आज मी आजोबा! काल तू झाली होतीस."

"बरं, मग मी गेरहार्डमामा," शेजारची टीना म्हणाली. "घे, धर माझा हात."

"नाही धरत, जा!"

धप्पकन काहीतरी पडल्याचा आवाज झाला, आणि मागोमाग हसू फुटलं.

अगानेथा पिठाच्या हातांनीच दारात आली. लेना हौदाच्या तळाशी हातपाय पसरून, डोळे मिटून पडली होती.

"काय गं खेळताय?"

"विहीर-विहीर." लेनाने एक डोळा उघडला. "मामा हात पुढे करतो, पण आजोबांनी तो धरायचा नाही. जो धरतो तो बाद."

"आणि जो पडतो?"

"तो जिंकतो," लेना म्हणाली. "डीटरिक काकांनी शाळेत सांगितलंय ना!"

अगानेथा आत आली. तिने पुढचा पाव घेतला आणि अंगठा दाबला. तो खालचा गोळा भेदून लाकडाच्या पाटाला टेकला तरी ती दाबतच राहिली.

ही विहीर खरी होती. घरामागे, अकरा मीटर खोल. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा कॉर्नेलिअस तिच्यात पडून गेला होता.

आणि गेरहार्ड हा तिचा मुलगा. त्याला पाच वर्षांपूर्वी चर्चच्या मंडळीने वाळीत टाकलं होतं. गुन्हा असा, की त्याने ट्रॅक्टरची लोखंडी चाकं काढून रबरी टायर बसवले. लोखंडी चाकांचा ट्रॅक्टर शेतात चालतो, डांबरी रस्त्यावर धड चालत नाही, आणि वस्तीचे नियम करणाऱ्यांना नेमकं तेच हवं होतं. टायर आले की तरुण शहराकडे पळतील, ही त्यांची भीती. गेरहार्ड शहराकडे जायचा, हे खरंच. कधी अडलेल्या बाईला, कधी हात कापलेल्या मजुराला, कधी तापाने फणफणलेल्या पोराला मागच्या गाडीत घालून दवाखान्यात न्यायचा आणि परत येऊन धारा काढायचा. "देवाने मला हे दोन हात आणि एक ट्रॅक्टर दिलाय," तो मंडळीसमोर म्हणाला होता. "त्यांचं काय करायचं, हे मला कळलंय. मी टायर काढणार नाही."

वाळीत टाकलेल्या माणसाशी बोलायला बंदी नव्हती. त्याच्याबरोबर एका टेबलावर जेवायचं नाही आणि त्याच्या हातून काही घ्यायचं नाही, एवढंच. तो घरी आला की त्याच्यासाठी वेगळं लहान टेबल मांडायचं. कॉर्नेलिअसने पहिल्या दिवशी ते स्वतः मांडलं होतं. दोन टेबलांच्या मध्ये त्याने आपली चार बोटं उभी धरून अंतर घेतलं, आणि वरून एकच लांब टेबलक्लॉथ अंथरला. लांबून पाहणाऱ्याला एकच टेबल वाटावं. फक्त मध्ये कापडाला एक झोळ पडायचा.

लहान मुलांना मात्र हा नियम नव्हता, कारण त्यांचा बाप्तिस्मा झालेला नसतो. म्हणून गेरहार्ड जे आणायचा, ते लेना या टेबलावरून त्या टेबलावर पोचवायची.

दुपारी मुलगी सारा भट्टीतले ट्रे काढताना म्हणाली, "आई, उद्या डीटरिक काका येतायत फराळाला. सकाळी निरोप आला."

"उद्या? उद्या तर गेरहार्ड येतोय."

"म्हणूनच." साराने आवाज खाली आणला. "सोमवारी तो आणि युस्टिना वहिनी कॅनडाला निघाले, की परत कोण येतंय? काकांचं म्हणणं, जायच्या आधी त्याला एक संधी द्यावी. गुडघे टेकून माफी मागितली तर मंडळीत परत घेऊन निरोप देतील."

"तो टेकेल?"

"तुझा मुलगा आहे. तुला ठाऊक." सारा पाव मोजल्यासारखं करत राहिली. मग म्हणाली, "तू एक शब्द टाकलास तर ऐकेल कदाचित. बाबांचा तरी मान ठेवेल."

अगानेथा खिडकीकडे वळली. खिडकीतून विहिरीचा कठडा दिसत होता. ती त्या खिडकीला पडदा लावायची, आणि पडदा लावला की तिला त्यामागे काहीतरी हलल्यासारखं वाटायचं, म्हणून पुन्हा काढायची. हे दोन वर्षं चाललं होतं.

त्या दिवशीही सकाळच होती. कॉर्नेलिअस पंपाची तळाची झडप सोडवायला विहिरीत उतरला. पावसाळ्यानंतर बंद राहिलेल्या विहिरीत जड हवा तळाशी साचते. कंदील आधी खाली सोडला असता तर तो विझला असता आणि सगळं कळलं असतं. कंदील सोडला गेला नाही. थोड्या वेळाने कॉर्नेलिअस शिडीवरून वर येताना दिसला, पण कठड्याजवळ येऊन थांबला. अशा हवेत आधी डोकं जड होतं, मग पाय, आणि शेवटी मूठ वळेनाशी होते. शेजारच्या शेतातून गेरहार्ड ट्रॅक्टर चालू ठेवूनच धावत आला, कठड्यावर पालथा पडला, आणि त्याने हात खाली सोडला.

कॉर्नेलिअसने तो हात पाहिला. धरला नाही. "दोर आण," म्हणाला.

गेरहार्ड दोर आणायला ट्रॅक्टरकडे पळाला.

अगानेथा गोठ्याच्या दारात होती. दुधाची बादली टाकून ती धावली, पण मध्ये अख्खं अंगण होतं.

हे सगळं तिने त्याच दुपारी डीटरिक काकांना सांगितलं. उपदेशकांना वस्तीत लहानथोर सगळे काकाच म्हणत. डीटरिक काका ऐकता ऐकता रडले. त्यांनी स्वतःच्या हाताने थडगं खणलं. दफनाच्या वेळी ते म्हणाले, "माणूस जगतो कशासाठी? आज्ञेत राहण्यासाठी. आमच्या कॉर्नेलिअसने ते मरताना दाखवून दिलं." बायकांच्या बाकांवर हुंदके उठले. कुणीतरी अगानेथाचा खांदा अभिमानाने दाबला. पुरुषांच्या बाजूला, सगळ्यात मागे, दाराशी, गेरहार्ड एकटा उभा होता. वडलांना वर ओढून काढताना त्याच्या तळहाताला दोर घासून सालपट निघालं होतं, आणि तो त्याकडेच पाहत होता.

तेव्हापासून ती गोष्ट शाळेत सांगितली जायची. पण ती अर्धीच होती. उरलेली अर्धी फक्त अगानेथाजवळ होती.

रविवारी दीड वाजता दोन टेबलं मांडली गेली. साराने बोटांनी अंतर घेतलं. पाव, चीज, सफरचंदाचा जॅम, कॉफी. मोठ्या टेबलावर डीटरिक काका, सारा, तिचा नवरा हाइनरिक आणि अगानेथा. लहान टेबलावर गेरहार्ड आणि युस्टिना. नवऱ्याबरोबर जेवणं सोडायला युस्टिनाने नकार दिला, म्हणून तिलाही बाहेर काढलं होतं.

डीटरिक काकांनी डोळे मिटून प्रार्थना केली. 

"जॅम युस्टिनाने केलाय," गेरहार्डने बरणी आपल्या टेबलाच्या कडेला ठेवली. "लेना, ये गं. सरहद्द ओलांडायला पासपोर्ट आणलायस ना?"

लेना खुदकन हसली. "मला नाही लागत!"

"भाग्यवान आहेस. तुझ्या आईला विचार, व्हिसा किती वर्षांत मिळतो."

"गेरहार्ड, आज तरी नको," सारा म्हणाली.

"आजच तर शेवटचं आहे, बाई. उद्यापासून कुणाला चिडवू?"

डीटरिक काकांनी कप खाली ठेवला. "गेरहार्ड, मी भांडायला आलो नाही. तू चार वर्षांचा होतास तेव्हापासून तुला ओळखतो. एकदा गुडघे टेक. परक्या देशात जाताना मंडळीचा आशीर्वाद बरोबर असू दे."

"काका, टायर मी विकून टाकलेत. पण त्यांच्यावरून ज्यांना दवाखान्यात नेलं, त्यांच्याबद्दल माफी कशी मागू?"

"टायरचं सोड. तुझ्या वडलांचा विचार कर. जीव जात असतानाही त्यांनी..."

"ठाऊक आहे." गेरहार्डचा आवाज एकदम सपाट झाला. चिडवणं कुठल्या कुठे गेलं. "मला ठाऊक आहे त्यांनी काय केलं. मी तिथेच होतो. रोज सकाळी उठलो की आधी तेच दिसतं. माझ्या हाताकडे पाहिलं, आणि नको म्हणाले. आणखी काय आठवण करून देणार आहात?"

 लेना बरणी उचलायला पुढे झाली.

"थांब, लेना," अगानेथा म्हणाली.

ती उठून उभी राहिली होती. आपण उठल्याचं तिला स्वतःलाच उशिरा कळलं.

"गेरहार्ड, तू दोर आणायला गेलास तेव्हा ट्रॅक्टर चालू होता. तुला ऐकू आलं नाही."

"काय?"

"त्याने तुला हाक मारली." तिने टेबलाची कड धरली. "तू वळलास आणि त्याचा हात वर आला. कठड्याच्या वर. चार बोटं. तुझा हात जिथे होता, अगदी तिथेच. तो चाचपत होता, बाळा. उघडत होता, मिटत होता. तू तिथे नव्हतास म्हणून त्याला हवा धरावी लागली. आणि मग बोटं गेली."

युस्टिनाने तोंडावर हात घेतला. 

"माझं नाव घेतलं?" गेरहार्डने विचारलं.

"तुझंच. दोनदा."

"दोन वर्षं, आई."

"हो." तिने नजर चुकवली नाही. "त्याने हात पुढे केला असं सांगितलं असतं, तर तो आज्ञा मोडून मेला असं झालं असतं. दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरला असता त्याला. मला त्याची अब्रू हवी होती. मला लोक मान देत होते, तोही हवा होता. मी त्याची अब्रू राखली, आणि बिल तुझ्या अंगावर टाकलं."

डीटरिक काकांचा चेहरा उतरला होता. "वहिनी," ते हळूच म्हणाले, "मी दोन वर्षं मुलांना जे सांगितलं..."

"मीच सांगितलेलं अर्धं तुम्ही सांगितलंत. त्याचा दोष माझा. पण काल माझी नात हौदात मेल्यासारखी पडून हसत होती. हात धरतो तो बाद म्हणे."

"तुम्हाला असं म्हणायचंय का, की कॉर्नेलिअस शेवटच्या क्षणी ढळला?"

"लाटांत बुडणाऱ्या पेत्राकडे प्रभू येशूने हात पुढे केला, तेव्हा पेत्राने तो धरला," अगानेथा म्हणाली. "तो बाद झाला का, काका?"



अगानेथाने लहान टेबलाला हात घातला आणि ओढलं. फरशीवर पाय कर्रकन घासले. कापडाचा झोळ आधी नाहीसा झाला, मग त्या जागी एक उंच चुणी उभी राहिली. टेबलाला टेबल भिडलं होतं.

"एक पाव दे मला," ती मुलाला म्हणाली. "जॅम लावून. टेबलावर ठेवू नकोस, हातात दे."

"आई, विचार कर गं," सारा जवळजवळ ओरडली. "त्याला जायचंय उद्या. तुला इथे राहायचंय!"

"म्हणून तर."

गेरहार्डने पाव फोडला. लावताना जॅम कापडावर सांडला. त्याने हात पुढे केला, आणि अगानेथाने पावाबरोबर त्याची बोटंही धरली. बराच वेळ सोडली नाहीत. मग तिने सगळ्यांसमोर पाव खाल्ला, शेवटच्या घासापर्यंत.

डीटरिक काका टोपी घेऊन उठले. दारात थांबले. "मला हे मंडळीत सांगावं लागेल, वहिनी."

"सांगा की. फक्त या खेपेला पूर्ण सांगा."

सोमवारी गेरहार्ड आणि युस्टिना गेले. बसच्या खिडकीतून त्याने हात बाहेर काढला आणि वळणापर्यंत तसाच धरून ठेवला.

तीन रविवारांनी वाळीत टाकलेल्यांत अगानेथाचं नाव मंडळीत वाचलं गेलं. ते डीटरिक काकांनीच वाचलं. विहिरीची गोष्ट मात्र त्यांनी सांगितली नाही, अर्धीही नाही आणि पूर्णही नाही.

ती अगानेथाच सांगू लागली. शाळा सुटली की ती कुंपणाशी जाऊन उभी राहायची. काही आया मुलांना ओढून न्यायच्या. काही थोड्या हळू चालायच्या.

नाव वाचलं गेलं त्या रविवारी साराने लहान टेबल मांडलं. एक खुर्ची, एक ताट. डोळे पुसत तिने कापड अंथरलं आणि कॉफी आणायला आत गेली. अगानेथा आपल्या जागी बसली. खिडकीला आता पडदा नव्हता. विहीर तिथेच होती, आणि कठड्यावर ती चार बोटंही होती. ती आता तिच्या डोळ्यांपुढून कधीच जाणार नव्हती.

लेना टेबलाखाली शिरली होती. तिने खालून दोन टेबलांमधल्या फटीत हात घातला.

"आजी," ती म्हणाली, "इथे माझी दोनच बोटं मावतायत."