धुतलेलेच पाय धुणारं घंगाळ

मी एक जुनं पितळी घंगाळ आहे. दोन्ही बाजूंना कड्या, बुडाला एक पोचा आणि जीभ तिखट. तोंडदेखलं गोड बोलणं मला जमत नाही, तेव्हा मित्रांनो, ऐकायचं असेल तर नीट बसून ऐका.

मला रत्नागिरीतल्या एका तांबटाने ठोकून ठोकून घडवलं. एका शाळामास्तरांच्या न्हाणीत मी पुष्कळ वर्षं काढली. त्यांची चार पोरं माझ्यातल्या पाण्याने न्हाली. मग घरात गीझर आला आणि मला माळ्यावर टाकलं. शेवटी मास्तरांच्या सुनेने मला चर्चला देऊन टाकलं.

इथे मला वर्षातून एकदाच काम. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी चर्चच्या मंडळीतल्या बारा जणांचे पाय माझ्यात धुतात. प्रभू येशूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले होते, त्याची ही आठवण. पूर्वी पाळकसाहेब, म्हणजे इथले धर्मगुरू, स्वतः धुवायचे. कुणी बंदरावरून आलेला, कुणी शेतातून. पाणी गढूळ व्हायचं, तळाला रेती बसायची. खरं सांगते मंडळी, तेव्हा माझी छाती फुगायची.

मग आले विनीतराव, मंडळीचे सेक्रेटरी. काय सांगू त्यांचं कौतुक! प्रार्थनेत एक डोळा मिटलेला, दुसरा मोबाइल कुणी धरलाय तिकडे. उपास धरला की सकाळीच ग्रुपवर जाहीर. म्हाताऱ्यांना चादरी वाटल्या, तर चादरीपेक्षा बॅनर मोठा. पाळकसाहेबांचे गुडघे धरले, तेव्हा पाय धुण्याचं काम यांनी आपल्याकडे ओढलं. मुंबईचे पाहुणे आता सगळं लाइव्ह बघतात ना! म्हणून ग्रुपवर सूचना आली, 'बारा जणांनी पाय स्वच्छ धुऊन, नखं कापून, क्रीम लावून यावे.' शी! मग मी काय शोभेला आहे?

यंदा पाळकसाहेबांनी बारा जणांत गंगुबाईचं नाव वाचलं. गंगुबाई चर्च झाडते, मला चिंचेने घासते आणि हंगामात पावस गावी बागेत आंब्याच्या पेट्या वाहते. इतकी वर्षं मला घासूनही तिचे पाय कधी माझ्यात पडले नव्हते. आदल्या दिवशी घासताना ती पुटपुटली, "बाय गो, माझेपण पाय कोणतरी धुणार!" आपल्याही पायांना एकदा कुणी मायेने हात लावावा, एवढीच तिची आस होती.

गुरुवारी ती बागेतून थेट आली. पायांना लाल माती, आंब्याचा काळा चीक, टाचांना भेगा. विनीतरावांनी तिला दारातच अडवलं.

"गंगुबाई, पाय बघा तुमचे! कॅमेऱ्यात कसं दिसेल हे? मागे बसा. पुढल्या वर्षी बघू."

ती "बरं" म्हणाली आणि शेवटच्या बाकावर पाय साडीत ओढून बसली. तिच्या खुर्चीवर विनीतरावांचा मेहुणा बसला. असा संताप आला मला!

मग सुरू झाला तमाशा. बारा जणांचे गुळगुळीत, वासाचे पाय. विनीतराव चार थेंब ओतत, रुमाल टेकवत आणि मान वर करून गहिवरत. मेहुण्याचा पाय तर दोनदा धुतला, कारण पहिल्यांदा मोबाइलवाल्याचा हात हलला होता. त्या पाण्यात तांदूळ धुतले असते तरी चाललं असतं.

उपासना संपली. गंगुबाई मला रिकामं करायला मागच्या विहिरीवर घेऊन आली. तिच्या पाठोपाठ पेटी वाजवणारी रुपाली आली. दारातला प्रकार तिने पाहिला होता. तिने मला रिकामं केलं, ताजं पाणी शेंदून भरलं.

"मावशी, बस इथे."

"नको गो! चीक लागलाय, तुझा ड्रेस जाईल."

"जाऊ दे."

रुपाली खाली बसली. भेगांतली माती बोटांनी हळूहळू चोळून काढत राहिली. दुखतंय का, विचारत राहिली. गंगुबाई पदर तोंडाला लावून रडत होती. पाणी लाल झालं आणि मी सुखावून गेले.

एवढ्यात विनीतराव आले. "वा! हेच तर पाहिजे होतं! जरा उजेडात सरका. रुपाली, परत हात लाव बघू. लोक रडतील."

रुपालीचे हात थांबले. गंगुबाईने पाय बाहेर काढले, डोळे पुसले आणि शांतपणे म्हणाली, "विनीतभाऊ, या पायरीवर बसा. बूट काढा. तुमचे पाय मी धुते."

ते खरंच बसले. बुटाची नाडीही सोडली. देवाशपथ, मला वाटलं, माणूस वितळला! मग त्यांनी हातातल्या मोबाइलकडे बघितलं, आजूबाजूला बघितलं. रुपालीचे हात मातीने भरलेले, आणि चौथं कुणीच नव्हतं.

"पण मग फोटो कोण काढणार?"

गंगुबाईने मला उचललं आणि ते लाल पाणी माडाच्या बुंध्याशी ओतलं. विनीतराव नाडी बांधत बसले.

मित्रांनो, मला पॉलिश नको, हारही नको. वापरा मला, पोचे पडले तरी चालतील. आणि कुणासाठी काय केलंत ते मला येऊन सांगू नका. पाणी बघून मला कळतं.