कोटातली कुलपं

थोरलीला एकच आकडा हवा होता, आणि तो द्यायला दवाखान्यात कुणी माईचा लाल तयार नव्हता. अप्पांच्या जठराचा कॅन्सर यकृतात पोचलाय, बरा होणार नाही, हे सगळे सांगत. पण किती दिवस? तेवढं विचारलं की जो तो ताकास तूर लागू देईना. अहो, धाकटा भाऊ बोटीवर नोकरीला! आत्ता उतरायचं की पुढचं चार महिन्यांचं कंत्राट घ्यायचं, हे त्याला कळायला नको?

शेवटी मागच्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी रक्ताचे रिपोर्ट, वजन, दिवसातून किती वेळ अंथरुणात, असं सगळं कॉम्प्युटरमध्ये भरलं. "वजन टिकलंय, ही जमेची बाजू. सहा-आठ महिने मिळतील. पण हा अंदाज आहे हं." शेवटचं वाक्य थोरलीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. भावाला फोन लावला, 'आठ महिने आहेत' म्हणाली. त्याने सही केली, बोट निघाली.

आज मात्र डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर आठ्या. "रक्तातलं प्रोटीन इतकं घसरलंय. पोटात पाणी नाही, पायाला सूज नाही. मग वजन आहे तेवढंच कसं?"

"ते तुम्ही सांगायचं की आम्ही?" थोरली तडकली.

नर्स सुई घेऊन आली, पण अप्पा कोट काढायला तयार होईनात. थंडी वाजते म्हणे. दर वेळचं तेच! थोरलीचं डोकं आधीच फिरलेलं. तिने कोट ओढून काढला आणि खुर्चीवर आपटला. खण्णकन आवाज झाला.

आतल्या खिशांत पितळी कुलपं. एक नाही, दोन नाही, चांगली अकरा! जन्मभर कुलपं दुरुस्त केलेल्या माणसाकडे त्यांना काय तोटा? कोटासकट सेहेचाळीस भरणारे अप्पा कोटाशिवाय एक्केचाळीस भरले.

"अप्पा, हे काय आरंभलंय?"

"याच म्हणाल्या ना, पंचेचाळीसच्या खाली गेलं की औषध बंद." अप्पा खाली बघत पुटपुटले. "म्हटलं, धाकटा येईपर्यंत चालू राहू दे. वजन उतरेल तसं एकेक कुलूप वाढवत गेलो."

"अहो, त्या वजनावर विसंबूनच तो लांब गेला!" थोरली ओरडली. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! राग अप्पांचा आला, त्याहून जास्त स्वतःचा. अंदाज हा शब्द भावाला सांगायला तिची जीभ झिजणार होती का?

डॉक्टरीणबाईंनी खरं वजन भरलं. "महिनाभर. कदाचित त्याहूनही कमी."

थोरली बाहेर गेली. चौथ्या खेपेला भावाचा फोन लागला.

"पुढचं बंदर कधी?"

"बावीस दिवसांनी. का गं ताई? आठ महिने आहेत ना?"

"नाहीत रे. चुकलं माझं. तिथेच उतर आणि पहिलं विमान पकड."

ती आत आली तेव्हा अप्पा रिकामा कोट मांडीवर घेऊन बसले होते.

"कधी येतोय?"

"तेवीस दिवस, अप्पा."

अप्पांनी बोटांची पेरं मोजली, मग पुन्हा मोजली. "काढतो," ते म्हणाले. "तेवीस काढतो मी. फक्त आता बाईंना विचारू नकोस."

थोरलीने त्या दिवशी आणखी काही विचारलं नाही.