लाल रेघेवरून अनवाणी

प्रभाताई चर्चमधून बाहेर आल्या आणि बघतात तर दाराशी बूट नाहीत.

उजव्या हाताला, भिंतीला टेकवून, शेजारी शेजारी नीट ठेवले होते. सुनेने, ईश्वरीने, गेल्याच आठवड्यात घेऊन दिलेले करडे स्पोर्ट्सचे बूट, तेही त्या नको नको म्हणत असताना. आता तिथे वाळकी पानं तेवढी होती. त्यांनी झुडपामागे पाहिलं, कोपऱ्यापर्यंत जाऊन पाहिलं. शनिवारची सकाळ, जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या त्या रस्त्यावर विचारायला चिटपाखरू नव्हतं.

चर्च म्हणजे तरी काय, युद्धात बॉम्ब पडून छप्पर उडालेल्या चार भिंती, आठवण म्हणून तशाच राखलेल्या. पण देवाची जागा ती देवाची जागा. उंबरा दिसला, पाय थांबले, बूट निघाले. साठ वर्षांची सवय हो ती, विमानतळावर काढून थोडीच घेतात! आत हात जोडून उभ्या राहिल्या. यजमान, श्यामकांतराव, जाऊन वर्ष झालं होतं, त्यांच्याशी दोन शब्द बोलल्या, आणि बाहेर येतात तो हा प्रकार.

पिशवीत मोबाइल होता. एक बटण दाबलं की निहार, त्यांचा एकुलता एक, वीस मिनिटांत गाडी घेऊन हजर झाला असता. आणि नेमकं तेच व्हायला नको होतं.

गोष्ट अशी होती की कराडचं घर विकून आईला पुण्यातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या संकुलात ठेवायचं निहारने ठरवून टाकलं होतं. तिथे डॉक्टर आहे, जेवण आहे, भजनाचा हॉल आहे. सोमवारी हॅम्बुर्गच्या वकिलातीत जाऊन आईने मुखत्यारपत्रावर सही केली की बाकीचं तो फोनवरून उरकणार होता. प्रभाताईंनी नाही म्हणून पाहिलं. तेव्हा बुधवारी जेवताना तो म्हणाला, आई, इथे कोपऱ्यावरच्या बेकरीत तू एकटी जात नाहीस, तिथे एकटी राहणार कशी?

घास तसाच हातात राहिला. हे कुणी कुणाला सांगावं? कराडच्या नगरपालिकेत, हिवताप विभागात, ज्या बाईने सत्तावीस वर्षं घरोघर जाऊन पिंप, रांजण आणि गच्चीवरच्या टाक्या तपासल्या, डासांच्या अळ्या सापडल्या की भल्याभल्यांच्या तोंडावर पिंप उपडं केलं, तिला? अंगावर कुत्री सोडली लोकांनी, तरी दुसऱ्या दिवशी त्याच दारात उभी राहणारी बाई ती. बेकरीत जात नव्हती, कारण तिला तो पाव आवडत नव्हता.

हॅनोव्हरमध्ये रस्त्यावर एक लाल रेघ रंगवलेली आहे. स्टेशनपासून निघते, सव्वाचार किलोमीटर गाव हिंडवते, जुन्या इमारती, बागा, सगळं दाखवते आणि पुन्हा स्टेशनपाशी आणून सोडते. सोबत कुणी लागत नाही, नुसतं रेघ धरून चालायचं. प्रभाताई म्हणाल्या, ही रेघ मी एकटी पुरी करते, फोन न करता. केली तर तो कागद फाडायचा. निहार हसला, म्हणाला, गेनाऊ, अगदी बरोबर, ठरलं. शेवटी तो स्टेशनसमोरच्या घोड्याच्या पुतळ्याखाली उभा राहणार होता.

तर आता पायात नुसते मोजे, आणि रेघ निम्मीही झालेली नाही. प्रभाताईंनी नऊवारी नेसल्यासारखा पदर खोचला आणि निघाल्या.

ऑक्टोबरचा दगड, तो काय थंड लागावा! टाऊन हॉलपर्यंत बोटं बधिर झाली. सायकलवरची एक म्हातारी मुद्दाम थांबली, पायांकडे बोट दाखवून बरंच काही बोलली, टॅक्सी हा शब्द तेवढा कळला. प्रभाताई तिच्या भाषेत, नको, आभार, एवढंच म्हणाल्या, नाइन, डांके, आणि वर आपलं मराठीत सांगितलं की बाई, तू जा, माझं चाललंय ते बरं चाललंय. टाऊन हॉलमागच्या बागेत तळं होतं. काठाशी बसून त्यांनी पाय चोळले आणि सवयीने वाकून पाण्यात पाहिलं. अळी नव्हती. बरं वाटलं.

जुन्या गावात मात्र गोट्यांची फरसबंदी सुरू झाली आणि डाव्या टाचेशी मोजा फाटला. तिथे एकदा मोबाइल हातात आला, खोटं कशाला बोला. कराडच्या घराचं कुलूप संध्याकाळी आपणच उघडायचं, आत हाक मारायला कुणी नाही, याची भीती त्यांनाही होतीच. पण ती भीती त्यांची होती. निहारने ती उचलून तिच्यावर कागद करावा, हे त्यांना सोसत नव्हतं. मोबाइल पिशवीत गेला.

घोड्याखाली निहार उभा होता. त्याने आधी आईकडे पाहिलं, मग पायांकडे, आणि त्याचा चेहराच उतरला. काय झालं ते ऐकल्यावर मात्र चढ्या आवाजात सुरू झाला. इथे रस्त्याकडेला ठेवलेली वस्तू म्हणजे कुणीही उचला असा अर्थ होतो, हे तुला माहीत नाही. काच लागली असती तर? आता तूच सांग, मी तुला एकटीला सोडू कशी? सोमवारी आपण हॅम्बुर्गला जातोय.

प्रभाताई चौथऱ्यावर टेकल्या. राग आला, पण त्याच्यावर नाही, स्वतःवर आला.

"निहार, माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "मी पैज लावायलाच नको होती."

त्याला वाटलं, आई वरमली. तो शेजारी बसला.

"घर माझं आहे. त्यात राहायला मी परीक्षा का म्हणून दिली? पहिल्या चौकातून परत आले असते ना, तरी सही केली नसती. तुला काळजी वाटते, ती वाटू दे. रविवारी फोन कर. पण सही मागू नकोस."

निहार खाली वाकून आपल्या बुटांच्या नाड्या सोडायला लागला. डोळे भरले होते त्याचे, ते त्यांनी पाहिलं. तरी म्हणाल्या, "राहू दे. तुझे मला होत नाहीत."

त्या उठल्या. इथे ट्राम जमिनीखालून जाते, तिचा जिना समोरच उतरत होता. निहारने नेहमीप्रमाणे त्यांचा दंड धरायला हात पुढे केला, तो तसाच थांबला, आणि त्याने तो कोटाच्या खिशात घातला. प्रभाताई कठडा न धरता एकेक पायरी उतरू लागल्या, आणि तो दोन पायऱ्या मागून, त्यांच्या चालीने.